अटकेचा अधिकार

सरकारी जंगलातल्या फॉरेस्टरांचा अटकेचा अधिकार काढून घेणारं विधेयक येतंय, हे पेपरात वाचल्यापासून म्हातारे फॉरेस्टर केलर अस्वस्थ होते. पीएचडीसाठी भारतातून जर्मनीत फ्रायबुर्गला आलेल्या दिनकरला झाडं दाखवायची सोडून ते नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

"युद्धानंतरच्या थंडीत लोक सरपण चोरायचे. तेव्हा किती जणांना पकडलंत?" दिनकरने विचारलं.

"एकालाही नाही. जवळ पोचायच्या आधीच मोठ्याने खोकायचो. पण आता अधिकारच गेला, तर माझ्या खोकल्याला घाबरून पळणार कोण?"

दिनकर जागीच थांबला. गावच्या जंगलात गार्डाचा खोकला ऐकू आला की मोळी उचलून पळता पळता आई म्हणायची, "मेल्याला दमा आहे म्हणून बरं. नाहीतर कधीच सापडलो असतो."