तोंडावर बोल

"पुन्हा डेसिबलची पट्टी?" मागून येत, पडद्यावरचा आवाजाचा आलेख बघत रोहित म्हणाला. "ताई, काल काय ठरलं होतं?"

मंगलाताईंनी मान वळवली नाही. शेवटी त्यानं त्यांच्या खांद्यावरून हात घालून माऊसच ओढला. ताई दचकल्या आणि खुर्चीसकट गर्रकन फिरल्या.

"जे काय बोलायचं ते तोंडावर बोल! पाठीमागून बोललेलं मी ऐकून घेत नाही."

बाप रे, काय तो तोरा! गंगापूर रोडच्या त्या स्टुडिओत रोहितला मॅनेजर होऊन जेमतेम महिना झाला होता आणि ताई आवाज तपासून छाटण्याच्या कामावर एकवीस वर्षांच्या जुन्या. सदा कानांवर हेडफोन. कुणाचा फोन उचलायचा नाही, काय ते मेसेजवर सांगा म्हणायचं. नाकावर माशी बसू देत नाहीत, असं रोहितचं मत झालं होतं.

तो समोर आला. "डेसिबलमध्ये सगळंच सुजल्यासारखं दिसतं. खुसफुससुद्धा डोंगराएवढी. साधी लिनियर पट्टी कशी, मोठा आवाज मोठा, बाकी सरळ रेघ. स्वच्छ!"

"त्या रेघेत काय दडलंय ते दिसत नाही."

"आवाज बघायचा नसतो, ताई. ऐकायचा असतो."

ताईंचा चेहरा लालबुंद झाला. "मला शिकवतोस?"

"उद्यापासून लिनियर. नाहीतर ही खुर्ची दुसऱ्याला."

"खुर्ची ने. पट्टी बदलणार नाही."

हट्टाला औषध नसतं. रोहितनं घड्याळ बघितलं. द्राक्षावर कोणतं औषध फवारायचं, हा औषध कंपनीच्या साहेबांचा रेकॉर्ड केलेला सल्ला पाच वाजता अकरा हजार बागायतदारांच्या फोनवर जायचा होता.

"या सल्ल्याची फाईल तरी पुढं सोडा. मी स्वतः ऐकलीय, अगदी 'धन्यवाद'पर्यंत. साफ आहे."

"नाही सोडणार." ताईंनी पडद्यावर बोट टेकवलं. 'धन्यवाद'च्या पुढं, लिनियरमध्ये जिथं नुसती रेघ दिसायची, तिथं बारीक बारीक उंचवटे होते. "पंख्याचा आवाज असा नसतो. इथं साहेब बोललेत."

"काय बोललेत?"

"ते तू ऐक. तुझे कान तिखट आहेत ना!"

चडफडत रोहितनं तो तुकडा आपल्या मशिनवर घेतला आणि आवाज चढवला. साहेब कुणाला तरी हळूच सांगत होते, "माझ्या बागेला मी हे नाय मारत बाबा. मणी तडकतात."

रोहितच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा हजार बागा! त्यानं तातडीनं स्टुडिओच्या मालकांना फोन लावला आणि सल्ला थांबवला.

पोरगा मनाचा वाईट नव्हता. तसाच ताईंच्या टेबलाकडे आला. त्यांची पाठ होती.

"चुकलो, ताई. आजपासून सगळ्या मशिनी डेसिबलवर. खुर्ची तुमचीच."

ताई पडद्यावरचा पुढचा तुकडा छाटू लागल्या.

"अजून राग गेला नाही का?"

ताई कामात गर्क. तो वरमून मागे सरला, तर हेडफोनची वायर पायात अडकली. मशिनमधून पिन निघालीच नाही; ती तिथं लावलेलीच नव्हती. वायरीचं टोक ताईंच्या पर्समध्ये होतं. ते जेवणाच्या डब्याच्या चमच्यासकट फरशीवर पडलं.

डोक्यावरचे हेडफोन ओढले गेले तशा ताई वळल्या. त्यांनी आधी पिनेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मान ताठच होती.

"सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या, "तोंडावर बोल. ओठ दिसतील असं."