डावं चाक

बायको जाऊन महिना झाला, तरी दामोदर शिरसाठांना रडू आलं नव्हतं. ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले दामोदरराव रोज सकाळी घरामागच्या शेडमध्ये जात आणि स्वतः बांधत आणलेल्या दोन सीटच्या विमानाशी खटपट करत बसत.

विमान तीन जॅकवर उचलून ठेवलं होतं. चाकं खाली ठेवणारी लिव्हर खाली असतानाही त्याचं डावं चाक हळूहळू पंखात मिटायचं. त्यांनी सील बदलले, पाइपातली हवा काढली. चाक मिटतच राहिलं.

शेवटी त्यांनी सगळं हायड्रॉलिक तेल बादलीत काढलं आणि पंपाची वायर सोडवली. तेवढ्यात मुलगी ऋतुजा चहा घेऊन आली.

"आता नाही हलणार," ते म्हणाले. "जोर आणेल कुठून?"

डावं चाक वर गेलं. मग उजवं, मग पुढचं.

"बाबा, बाहेर या. आत्ता या."

दामोदररावांना भीतीही वाटली नाही. ते वाकले. डाव्या जॅकच्या टोकावरून त्यांनी सावकाश तळहात फिरवला, आणि तो पंखाखालून सरळ पलीकडे गेला. विमान जॅकला टेकलेलंच नव्हतं.