उलटा पीळ

पाचगणीच्या विणकाम शिबिरात प्रमिलाने पिशवीतून करड्या लोकरीचा गुंडा काढला. तिच्या थोरल्या जाऊबाईंनी, अक्कांनी, टकळीवर कातलेला हा शेवटचा. अक्कांना जाऊन दोन महिने झाले होते, पण प्रमिलाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सुनेने नाव नोंदवलं म्हणून ती इथे आली होती.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच धागा नेहमीसारखा पिंजारायला लागला. "आमच्या अक्कांचं कातणं ढिलंच," ती सवयीने बोलून गेली. तीस वर्षं ती हे अक्कांना चारचौघांत ऐकवत आली होती. अक्का नुसत्या हसायच्या आणि पुढच्या खेपेला आणखी घट्ट कातायच्या.

शिकवणाऱ्या बाईंनी धागा बोटांत फिरवून पाहिला. "ढिलं कुठे? चांगलं घट्ट आहे. त्या डावखुऱ्या का?"

"हो."

"म्हणून पीळ उलटा पडलाय, आणि विणताना तुम्हीच तो सोडवताय. सुईवर धागा दुसऱ्या बाजूने घेऊन बघा."

प्रमिलाने तसा घेतला. एक ओळ झाली, दुसरी झाली. धागा कुठेच सुटला नाही. इतकी एकसारखी वीण तिच्या हातून कधी उतरली नव्हती. आता रडू येईल असं वाटून ती जराशी थांबली. काहीच आलं नाही. बोटं तेवढी गार पडली होती.

"सुरेख!" बाई म्हणाल्या. "अक्कांना सांगा हं, फार नेटकं कातलंय."

"सांगते," प्रमिला म्हणाली, आणि तिने पुढची ओळ विणायला घेतली.