रिंकूचं एकटीचं उड्डाण

रिंकू पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होती. धावपट्टीवर एक घार दिसली म्हणून कालचं उड्डाण रद्द झालं होतं, पण माय घाबरेल म्हणून तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "उद्या या."

आंधळगावहून ढिवरांचा अख्खा मोहल्ला टेम्पोत बसून आला. लेकरानं पहिलं जाळं टाकलं की तिथंच मासोळी रांधायची, ही त्यांची रीत. त्यांनी धावपट्टीच्या कुंपणाला लागूनच मासोळी साफ केली, घाण तिथंच फेकली आणि चूल पेटवली.

विमान वर उठलं, तशी माय सखाबाई रडायलाच लागली.

"पोरगी एकटीच जाऊन राहिली जी!"

बाप तुलारामनं हसत आभाळाकडे बोट दाखवलं.

 

"एकटी काहून? पाह्य ना, किती घारी हायेत तिच्यासंगं!"