कॅज्युअल या

“कॅज्युअल म्हणजे कसले कपडे रे?” जिन्यातच थांबून आईने विचारलं.

“साधे, आई. रोजचे. मुलीच्या वडिलांनी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.”

“मुद्दाम सांगितलं, तिथंच पाणी मुरतंय.” आईच्या अंगावर ठेवणीतली रेशमी साडी होती. “आपण रोजच्यात जायचं, ते नटूनथटून बसणार, आणि उद्या म्हणणार, मुलाकडचे अगदीच हे आहेत. मी बरी फसेन.”

दार मुलीच्या आईने उघडलं. अंगात गाऊन, तोही धुऊन धुऊन विटलेला. मुलाच्या आईच्या कपाळावर आठी पडली. म्हणजे आम्ही गाऊनच्याच लायकीचे.

ती सोफ्याच्या कडेवर टेकली. नजर मात्र घरभर फिरून आली. आतल्या खोलीचा पडदा भरदुपारी ओढलेला. पडद्यामागे कुणीतरी पाय घासत चालत होतं.

“मुलीचे बाबा?”

“येतायत. आवरतायत.”

“रोजच्याच कपड्यात यायचं, तर आवरायला एवढा वेळ?”

मुलाने तिचा कोपर दाबला. तिने तो सोडवून घेतला.

पडदा सरला. मुलीच्या आधाराने एक उंच माणूस बाहेर आला. ढगळ टी-शर्ट, इलॅस्टिकची पँट. उजवा पाय फरपटत होता, उजवा हात नुसता लोंबत होता.

“झटका येऊन गेलाय,” तो सावकाश म्हणाला. “शर्टाची बटणं लागत नाहीत. दुसऱ्याकडून लावून घ्यायची लाज वाटते. म्हटलं, सगळेच असे आले, तर मी एकटा उठून दिसणार नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंत?” आईने विचारलं.

“सांगितलं असतं, तर आला असतात?” हे मुलगी म्हणाली, आणि सरळ आईकडे बघत राहिली.

मुलगा स्वतःच्या पायांकडे बघत बसला. आई उठली. चहा घेऊन आलेल्या मुलीच्या आईच्या हातातला ट्रे हातातच राहिला. ही आता दाराकडेच जाणार, असं तिला वाटलं.

“ताई, एखादा जादा गाऊन आहे का हो? ही मेली साडी मघापासून टोचतेय.”

ती आतून परत आली तेव्हा गाऊन घोट्याच्या वर आला होता, बाहीवर तेलाचा जुना डाग होता. सोफ्यावर ऐसपैस मांडी ठोकून तिने पडद्याकडे एकदा बघून घेतलं.

“हं. आता सांगा, आणखी काय लपवलंय?”