तोरूची डावी बाजू
मामानं रक्तानं चिकट झालेलं गाठोडं माझ्या डोळे तपासायच्या टेबलावर आपटलं. “घे झिपार, अजून गरम आहे. तोरूला कापलं सकाळी.” आमच्या नारिन गावात घोडा खाण्यात नवल काही नाही, पण तोरूवर बसून मामा दहा वर्षं उलाक, म्हणजे बकऱ्याच्या धडासाठी घोडेस्वारांची झोंबाझोंबी, खेळला होता. “का रे मामा?” “भेकड निघाला हरामखोर! बकऱ्याचं धड हिसकायला मी वाकलो, की हा बुजून उजवीकडे उडी मारायचा. डावीकडे चिटपाखरू नसायचं! चाबकानं पाठ सोलली, तोंडातून रक्त निघेपर्यंत लगाम ओढला, तरी तेच. काल भर मैदानात मला तोंडघशी पाडलं. आज पाय बांधून गळ्यावर सुरी फिरवली. चल, डोळे तपास. तुझ्या सहीशिवाय नौरूझच्या सणाला खेळू देत नाहीत.” मी त्याच्या डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो काढले. संगणकानं डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी पडलेला खळगा मोजला, उरलेल्या कडेशी त्याचं गणित मांडलं. डाव्या डोळ्यात कड जवळपास उरलीच नव्हती. काचबिंदू, कित्येक वर्षं, न दुखता कडेकडेनं नजर पोखरणारा. मला खात्री करायची होती, आणि माझं डोकंही फिरलं होतं. मूठ आवळून मी ती डावीकडून त्याच्या कानशिलाकडे जोरात नेली आणि बोटभर अंतरावर थांबवली. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. “मामा, डावीकडे कोणी नसायचं, हे तुला कोणी सांगितलं?” “कोणी कशाला सांगायला हवं?” तो हसला. “मी डोळ्यांनी बघत होतो की!” माझी मूठ अजून त्याच्या कानशिलापाशीच होती.