पाचवी गाडी

तिसऱ्या दिवशी दार बिजागरीसकट कमळाच्या हातात आलं. तिनं ते बाजूला टेकवून ठेवलं आणि रांगेतल्या पुढच्या पोराचं पोट चाचपू लागली. जणू दवाखान्याची दारं अशीच हातात यायची असतात.

"बाई, गाडी नवी व्हय का जुनीले रंग मारून देल्ला?" जीपचा ड्रायव्हर दसरू म्हणाला.

"नवीच हाय, दसरूभाऊ. आमच्या ह्यांनी स्वतः तपासली."

"मंग ह्यांचा चष्माच दुरुस्तीले पाठवा लागते."

रांगेतल्या बाया हसल्या. कमळाही हसली, पण तिचं हसू ओठांच्या आत गेलं नाही.

चंद्रपूरच्या एका संस्थेनं त्या साली, शहाऐंशीत, जीपमागं ओढायचे पाच ट्रेलर बनवून घेतले होते. आत दोन बाक, एक स्टोव्ह, औषधांचं कपाट. एकेका ट्रेलरसोबत एकेक नर्स जंगलात जाऊन राहणार होती. ते बनले बल्लारपूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात, आणि त्या कारखान्यात तपासनीस होता कमळाचा नवरा, गुणवंत रामटेके. त्याच्या सहीशिवाय फाटकाबाहेर काही जात नसे.

कमळानं मुरेवाडा हे आडजंगलातलं गाव मागून घेतलं तेव्हा सासूनं, गिरजाबाईनं, तिच्याशी बोलणं टाकलं. गल्लीनं मात्र बोलून घेतलं. एकटा गुणवंत आईला म्हणाला होता, "जाऊ दे तिले. शिकली कशाले मंग?" चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. ते वाक्य तिनं सोबत घेतलं होतं, उन्हाच्या वाटेवर पाण्याचा तांब्या घ्यावा तसं.

आठव्या दिवशी अवकाळी पाऊस आला. झाडांखाली मोहाची फुलं भिजली आणि ट्रेलरमध्ये औषधांचं कपाट. छताच्या सांध्यातून धार लागली. पुड्यांचा लगदा झाला. आठवड्याच्या अहवालात तिनं लिहिलं : गाडी ठीक आहे.

दसरूनं वाचलं. "बाई, खोटं काऊन लिहून राह्यल्या?"

"माणसाकून एखाद्या वेळी चुकते."

"एकडाव दार, एकडाव छत. आता काय, चाक?"

"जिभेले काही हाड, भाऊ!"

तिला चूक झाकायची नव्हती. त्या चुकीमागचा माणूस झाकायचा होता. कारखान्याची नोकरी, कारखान्याचीच खोली. तिची एक तक्रार गेली असती, तर दोन्ही गेलं असतं.

विसाव्या दिवशी, भर दुपारी, गावातल्या सुकरीची सून आतल्या बाकावर कळा देत असताना चाकांमधला लोखंडी आस तुटला. ट्रेलर एका अंगावर कलला. बाटल्या घरंगळल्या, फुटल्या. पेटता स्टोव्ह कमळानं लाथेनं बाहेर ढकलला आणि त्या पोरीला बगलेत धरून दसरूच्या हाती दिलं. मूल मोहाखाली, सुकरीच्या लुगड्याच्या आडोशाला जन्मलं. रडलं. मग सगळेच रडले.

दसरू तुटलेल्या आसापाशी उकिडवा बसला होता. "पाहा बाई. वेल्डिंग आत पोचलंच नाई. वरून नुसता लेप. हे आंधळ्याच्याही हाताले लागते."

 कमळा पाण्यानं हात धूत राहिली. रक्त केव्हाच निघून गेलं होतं.

तीन दिवसांनी कारखान्याच्या कचेरीत तिला बोलावलं गेलं. संस्थेचे साहेब होते, कारखान्याचे मॅनेजर चिंतलवार होते. गुणवंत त्या दिवशी कामासाठी नागपूरला गेला होता.

"बाई, सगळं तुमच्या शब्दावर आहे," साहेब म्हणाले. "गाडी सदोष होती असं लिहून द्या, तपासनिसाला आजच घरी बसवायला लावतो. तुमच्या निष्काळजीपणानं मोडली असेल, तर नियम तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा फिरतीवर पाठवता येणार नाही. मुरेवाडाही बंद होईल. दुसरं कोणी तिथं जायला तयार नाही."

कमळाच्या डोळ्यांपुढं सुकरी आली, निघताना तिनं नातवाला जीपजवळ आणून दाखवलं होतं, "कवा येतेस?" म्हणून विचारलं होतं. मग तिला गिरजाबाईसमोर उभा राहिलेला गुणवंत दिसला. एवढ्या जगात तिच्या बाजूनं उभं राहिलेलं ते एकच माणूस होतं.

तिनं कागद ओढला. नाल्यात गाडी वेगानं घालायला मीच लावलं, दोष माझा, असं लिहिलं. खाली सही केली. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते निघून गेले. जीपचा आवाज विरेपर्यंत ती खुर्चीत बसून होती.

"वहिनी," चिंतलवार म्हणाले, "कारखान्याची अब्रू राखली तुम्ही."

"त्यांच्यावर रागावू नका, साहेब. हजार वेळा पाहणारी नजर, एकदा चुकली."

"चुकली?" चिंतलवारांना ते खरंच लागलं. "रामटेकेची? वहिनी, तुम्ही घरच्या म्हणून सांगतो. पंधरा वर्षांत त्या माणसाच्या नजरेतून एक खिळा सुटला नाही. हे पाहा."

त्यांनी तपासणीची वही तिच्यापुढं उघडी केली. जयंतीच्या आठ दिवस आधीची तारीख. चार गाड्यांपुढं 'पास'. पाचव्या गाडीपुढं गुणवंतच्या नेटक्या, ठाशीव अक्षरात ओळी होत्या : दाराचे स्क्रू आखूड. छताचा सांधा उघडा. आसाचं वेल्डिंग कच्चं, भार घेणार नाही. नापास. आणि त्याखाली, त्याच शाईत, त्याच न थरथरलेल्या हातानं :

'नवी बनवायला वेळ नाही. ही मुरेवाड्याला द्यावी. तिथल्या बाई महिन्याच्या आत घरी परततील, तोवर निभेल.'